दुसरी किल्ली

हेवा करायचाच तर माणूस आपल्या तोलामोलाचा असावा. बढतीत पुढे गेलेला, नाहीतर भाऊबंदकीतला, निदान डोक्यावरचे केस शाबूत असलेला तरी. मी ज्या गृहस्थांवर बारा-तेरा वर्षं जळलो त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते आमच्या संस्थेत हिंदी अधिकारी होते.

लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी उपकरण विभागात इंजिनिअर होतो. यंत्र रुसलं की शास्त्रज्ञ मंडळी माझ्या दारात यायची. या हिंदी अधिकाऱ्यांच्या दारात फक्त कागद जायचे. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं, सप्टेंबरात हिंदी पंधरवडा साजरा करायचा आणि रोज सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर ‘आज का शब्द’ लिहायचा, एवढं त्यांचं काम. दर्यापूरकडचा वऱ्हाडी माणूस लखनौच्या लोकांना हिंदी शिकवत होता आणि लखनौचे लोक मान डोलावून ते शिकत होते. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, “साहब, ज़बान तो इनकी है, हम लोग तो बस बोलते हैं।” ड्रायव्हर माझ्याबद्दल असं कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यांना प्रत्येक गोष्ट दोन लागायची. दोन छत्र्या, दोन चष्मे, एकाच शाईची दोन पेनं. घड्याळंही दोन, एक मनगटावर आणि एक खिशात, आणि दोन्ही वेगळी वेळ दाखवायची. खरी वेळ कुठली म्हणून विचारलं तर म्हणायचे, “दोहीच्या मधातली.” ऑफिसात डबेही दोन आणायचे. एक स्वतःचा आणि दुसरा त्या दिवशी जो कुणी डबा विसरेल त्याचा. एकदा बायको माहेरी साताऱ्याला गेली असताना तो दुसरा डबा माझ्या वाट्याला आला. पाटोडीची रस्साभाजी होती आणि त्यांनी स्वतः केली होती. मी शेवटचा थेंब पुसून खाल्ला आणि “मीठ किंचित जास्त झालंय” असं सांगितलं. मीठ अगदी बरोबर होतं.

लग्न मात्र त्यांनी एकही केलं नव्हतं. माझ्या बायकोनं एकदा थट्टेनं विचारलं, “भाऊजी, सगळं दोन-दोन आणि इथेच शून्य?” ते म्हणाले, “वैनी, त्याची दुसरी करता येत नाई, मनून पयलीच केली नाई.” बायको पदर तोंडाला लावून हसली. माझ्या विनोदांना ती अशी हसलेली मी वधूपरीक्षेनंतर पाहिलेली नव्हती.

विकास नगरात आमची सहा-सात मराठी घरं होती. कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात, आम्ही दोघं संस्थेत. या सगळ्या घरांत एक रिवाज पडला होता आणि तो त्यांनीच पाडला होता. प्रत्येकानं आपली दुसरी किल्ली त्यांच्याकडे द्यायची. घराची द्यायची, गाडी असली तर तिचीही द्यायची. “दुसरी किल्ली त्याच घरात ठेवली तं ते दुसरी कायची, भाऊ? घराले कुलूप लागलं का दोघी आतच.” त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक लाकडी फळी होती. तिच्यावर खिळे ठोकलेले आणि खिळ्याखिळ्यावर किल्ल्या. खिळ्याखाली नाव लिहिलेलं नसायचं, कारण चोर आला तर त्याला पत्ता कळता कामा नये. त्याऐवजी एकच शब्द असायचा. बँकेतल्या बाई लोणचं पाठवायच्या, त्यांच्या खिळ्याखाली ‘लोणचं’. विद्यापीठातले प्राध्यापक सगळीकडे उशिरा यायचे, त्यांच्या खाली ‘उशीर’. लोक आपापला शब्द मोठ्या अभिमानानं सांगायचे. प्राध्यापकसुद्धा सांगायचे, याचंच मला नवल वाटायचं.

मी किल्ली दिली नव्हती. आमच्या घराला दोन किल्ल्या होत्या आणि दोन्ही घरातच होत्या. बायको एकदा-दोनदा म्हणाली, मी ऐकलं नाही. ती फळी मी कधी जवळ जाऊन पाहिलीसुद्धा नाही. बाहेरच्या खोलीत बसायचो, चहा प्यायचो आणि घड्याळाकडे बघायचो.

आता खरं दुखणं सांगतो. आमची मुक्ता लखनौतच वाढली. मराठी तिला सगळं कळायचं, पण मी काहीही विचारलं की उत्तर हिंदीत. “मुक्ता, जेवलीस का?” “हाँ पापा, खा लिया।” घरात दोन माणसं अखंड मराठी बोलतात आणि तिसरं हिंदीत उत्तरं देतं, ही परिस्थिती लखनौच्या मराठी घरांत काही नवी नाही. सगळ्यांनी ती सोसली होती, तशी मीही सोसली. मग एका संध्याकाळी मी या हिंदी अधिकाऱ्यांच्या घरापाशी गेलो तर आतून आवाज आला, “काका, काय करून राह्यले तुमी? हे माह्याकडे द्या ना!” क्षणभर वाटलं, गावाकडची कुणी भाची आली असेल. आत माझी मुलगी बसली होती. कढीपत्ता निवडत होती आणि खणखणीत वऱ्हाडी बोलत होती.

मी दारातच उभा राहिलो. मला पाहिल्यावर ती म्हणाली, “अरे पापा, आप?”

त्या रात्री मी बायकोजवळ तक्रार केली. मूळचे आपण साताऱ्याचे, मुलगी वऱ्हाडी बोलते, तीही परक्या माणसाशी. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “ती चार वर्षांची होती तेव्हा तुमच्याशी मराठीच बोलायची. तुम्ही तिचं प्रत्येक वाक्य मध्येच थांबवून दुरुस्त करायचात. भाऊजी थांबवत नाहीत.”

ज्या माणसाला भाषा दुरुस्त करण्याचा पगार मिळत होता, तो माझ्या मुलीला दुरुस्त करत नव्हता. मला हे मान्य करायला फार वर्षं लागली. त्या वेळी मी एवढंच म्हणालो की घड्या नीट घाल.

मुक्ता बारावीत असताना मी गाडी घेतली. जुनीच होती, पण आमच्यासाठी नवी. मी ती दाखवायला त्यांच्या दारात नेली, खोटं कशाला बोलू, मुद्दाम नेली. त्यांची स्वतःची गाडी मलईच्या रंगाची, पत्रा खवल्याखवल्यांचा झालेला. माझी निळी, चकचकीत. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. हात पुढे केला, किल्ली घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, “दुसरी कुठी हाये?”

दुसरी नव्हती. आधीच्या मालकानं हरवली होती.

“मंग आधी ते करा. दुसरी किल्ली पयली हाती हाये तवरच करा लागते. पयली हरवली का मंग ते किल्ली करनं नाई, ऑपरेशन हाये.”

हे त्यांचं म्हणणं गाडीच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं आणि ते खरं आहे हे त्यांच्यापेक्षा मला जास्त कळत होतं. त्या गाड्यांच्या किल्लीच्या काळ्या डोक्यात भाताच्या शितापेक्षा जरा मोठी चिप असते. गाडी त्या चिपला ओळखते. साधी घासून केलेली किल्ली दार उघडते, फिरतेही, पण इंजिन घरघरतं आणि बंद पडतं. नव्या किल्लीची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. जुनी ओळखीची किल्ली हाताशी असली तर हे काम सोपं, नसली तर अवघड. मी शोरूममध्ये गेलो. तिथल्या टाय लावलेल्या तरुणानं सांगितलं की किल्ली बाहेरून मागवावी लागेल, महिनाभर लागेल, गाडीचे सगळे कागद लागतील, आणि मग जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्यांच्या थंडगार सोफ्यावर पुन्हा बसलो.

“कायले जाता तिकडं?” ते म्हणाले. “निशातगंजले पुलाखाली आपला उस्ताद हाये. त्याच्यापाशी डबा आला आता, कंपूटरवानी. पाव किमतीत करून देते.”

आपला उस्ताद. लखनौत त्यांचा असा एक-एक ‘आपला’ माणूस गल्लोगल्ली होता. घड्याळं दुरुस्त करणारा होता, कंदील झाळणारा होता, रजया पिंजणारा होता. रविवारी ते यांच्या दुकानांत जाऊन तासन् तास नुसते बसायचे. काम काही नसायचं. हात कसे चालतात ते बघायचे. मी त्या उस्तादाकडे जाणार नव्हतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, डिग्री भिंतीवर टांगलेली. पुलाखालच्या माणसापुढे किल्ली घेऊन उभं राहायचं आणि वर ‘हिंदी अधिकारी साहेबांनी पाठवलंय’ म्हणायचं? मी दिल्लीहून एका ओळखीच्या माणसाकरवी कोरी किल्ली आणि एक छोटं प्रोग्रॅमर यंत्र मागवलं. ते येऊन आठवडाभर टेबलावर पडलं होतं. मला घाई नव्हती.

घाई त्यांनी केली. मुक्ताचा बोर्डाचा पहिला पेपर सोमवारी होता आणि केंद्र आलमबागेत, आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिला शब्द दिला होता की मी सोडीन. शनिवारी संध्याकाळी ते आले आणि माझ्या बायकोसमोर, मुक्तासमोर म्हणाले, “एकच किल्ली घेऊन पेपरले चालले का? ऐनवेळी हरवली तं? उद्या दुपारी चार वाजता येतो, उस्तादकडे जाऊन येऊ. नाईतं मी सोडून देतो पोरीले. मायी गाडी पुरानी हाये पन तिच्या दोन किल्ल्या हायेत.”

मुक्ता हसली. मी म्हणालो, “काही गरज नाही. मी सोडतो. किल्लीही मीच करतो.”

रविवारी दुपारी दोन वाजता, ते यायच्या आत, मी फाटकाबाहेर गाडीत बसलो. यंत्र जोडलं. पडद्यावर दोन पर्याय आले. एक नवी किल्ली जोडण्याचा आणि एक जुन्या सगळ्या पुसून नव्यानं सुरुवात करण्याचा. प्रयोगशाळेतली माझी सवय अशी की कुठलंही यंत्र हाती घेतलं की आधी शून्यावर आणायचं. मी जुन्या पुसल्या. मग नवी किल्ली लावली. गाडी तिला ओळखेना. दिल्लीच्या माणसानं वेगळ्याच जातीची चिप पाठवली होती, हे मला नंतर कळलं. घाबरून मी जुनी किल्ली लावली. आता गाडी तिलाही ओळखेना. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत गेलो, तसं यंत्र हटून बसलं आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकायला लागला. माझ्या हातात दोन किल्ल्या होत्या आणि गाडीला एकही नव्हती.

मुक्ता गच्चीवर अभ्यास करत होती. इंजिन चौथ्यांदा घरघरून मेलं तशी ती खाली आली. “पापा, हो जाएगा न?”

“होईल,” मी म्हणालो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ती काही वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि तिनं काकांना फोन लावला, मराठीत. शब्द मला खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होते. “काका, बाबाची गाडी बंद पडली. तुमी लवकर या. पन त्याईले काई मनू नका.”

फोनवर मी बाबा होतो. समोर पापा होतो.

चारला येणारे ते तीनलाच आले, मागच्या सीटवर उस्ताद. पांढरी दाढी, मांडीवर कळकट डबा आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. उस्तादनं दिवा पाहिला, माझं यंत्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “साहब, नई को पहचनवाया जाता है। पुरानी को भुलवाया नहीं जाता।” सूर इतका अदबशीर होता की मला धड रागावताही येईना. मग तो सीटवर वाकला, गाडीच्या पोटातून काही आकडे काढले, माझी जुनी किल्ली फिरवली, डब्यावरची बटणं दाबली. खिशातून एक वेगळी कोरी किल्ली काढली, घासून आणलेली नव्हती म्हणून तिथेच कानशीनं घासली. पाऊण तासानं जुनी किल्लीही चालायला लागली आणि नवीही. माझी दिल्लीहून आलेली किल्ली त्यानं मला अदबीनं परत दिली.

या सगळ्या वेळात ते गृहस्थ फुटपाथवर उकिडवे बसून उस्तादाचे हात बघत होते. गाडी सुरू झाली तसे उठले आणि मुक्ताला म्हणाले, “पाह्य, तुया बाबानं आधी सगळी मेमरी साफ करून ठेवली होती, मनून उस्तादचं काम सोपं झालं.”

उस्तादनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तो वायर गुंडाळायला लागला. मुक्ताला पटलं की नाही कोण जाणे. मला मात्र भर रस्त्यात कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. हरलेल्या माणसाची बाजू घेणारा माणूस फार वाईट, त्याला धड शिव्याही देता येत नाहीत.

मग त्यांनी हात पुढे केला. नवी किल्ली माझ्या हातात होती. सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या त्यांच्याकडे जात होत्या, तशी ही जाणार, एवढंच त्या हातात होतं. मी ती खिशात टाकली. “राहू द्या,” म्हणालो, “माझ्याकडे कपाट आहे.”

त्यांनी हात मागे घेतला. “बरं,” म्हणाले. त्या दिवसातला माझा एकमेव विजय तो.

सोमवारी मुक्ताला आलमबागेला सोडून मी तडक संस्थेत गेलो, तो फळा बघायला. फळ्यावरच्या शब्दाखाली ते एक उदाहरणाचं वाक्य लिहायचे आणि त्यात कुणाला तरी चिमटा असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मला खात्री होती की आज मी आहे. शब्द होता ‘सिंचन’ आणि वाक्य माळ्याबद्दल होतं. मी आठवडाभर रोज लवकर जाऊन फळा वाचला. माझ्यावर त्यांनी कधीच काही लिहिलं नाही. माझा एवढासुद्धा सूड घ्यावासा त्यांना वाटू नये, याचाही मला राग आला.

पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि गावी जायला निघाले. दोन दिवस घरोघर फिरून त्यांनी ज्याच्या त्याच्या किल्ल्या परत दिल्या. बँकेतल्या बाई रडल्या म्हणे. प्राध्यापक उशिरा घरी आले, तोवर ते त्यांच्या पायरीवर बसून होते. आमच्याकडे परत द्यायला काही नव्हतं, तेव्हा आमच्याकडे नुसता निरोप घेतील असं मला वाटलं. ते सगळ्यात शेवटी आले, चहा प्याले आणि एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत एक पितळी किल्ली होती.

“गावच्या घराची दुसरी,” ते म्हणाले. “गावात ठेवून काय फायदा? गावातल्या साऱ्याईची मले भीती वाटते, सारे नातेवाईक हायेत.”

“मला का?” मी विचारलं.

“तुमी किल्ली कोनाले देत नाई ना, मनून.”

मी ती कपाटात ठेवली. एवढे लोक किल्ल्या घेऊन त्यांच्या दारात गेले आणि त्यांनी स्वतःची किल्ली मला दिली, याचा आनंद मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी वाटलं, कशावरून आणखी एक कुणाला दिली नसेल? दोनचा माणूस.

मुक्ताला पुढे नोकरी लागली ती नागपूरला. मी फोनवर म्हटलं, “तुझ्या फ्लॅटची दुसरी किल्ली मला पाठव.” ती म्हणाली, “पापा, लखनऊ में रखके क्या करेंगे? एक ही मिली है।” मी विषय सोडला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिचा फोन आला. काका विहिरीजवळ घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, अमरावतीच्या दवाखान्यात होते. ती तिथेच होती. घराला कुलूप होतं आणि पडताना किल्ली विहिरीत गेली होती. “कुलूप तोड़ने नहीं दे रहे, पापा। कहते हैं दूसरी चाभी लखनऊ में है।”

एका कुलपासाठी लखनौहून वऱ्हाडात जाणं हा शुद्ध वेडेपणा होता. बायको म्हणाली, कुरिअर करा. मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघालो, किल्ली बनियनच्या खिशात. अमरावतीला मुक्ता स्टेशनवर आली होती. तिथून आम्ही दोघं आधी त्यांच्या गावी गेलो, त्यांचा दुसरा चष्मा आणि कागद आणायला.

कुलूप पहिल्याच फिरवणीला उघडलं. स्वयंपाकघराच्या दारामागे तीच फळी होती. लखनौहून एवढ्या लांब ती रिकामी फळी त्यांनी आणली होती, खिळे आणि शब्दांसकट. ‘लोणचं’ रिकामा, ‘उशीर’ रिकामा. एकाच खिळ्यावर किल्ली होती, नवीकोरी, आणि तिच्या कडीत मुक्ताचं जुनं लाल मण्यांचं कीचेन. खाली शब्द होता, ‘पोरगी’.

मी त्या कीचेनकडे बघत राहिलो. मुक्तानं मान खाली घातली. “आपको बुरा लगेगा सोचके नहीं बताया,” ती म्हणाली. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, घरात कुणी नसतं तर रडलो असतो.

मग तिनं त्याच्या खालच्या खिळ्यावर बोट ठेवलं. तोही रिकामा होता, पण त्याच्याखाली फळीवर किल्ल्या घासल्याचा एकही ओरखडा नव्हता, म्हणजे त्यावर कधी काही टांगलंच नसावं. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘येतील’.

“ये आपकी है। उसी संडे को लगाई थी काका ने।”

म्हणजे मी त्यांच्या पुढे केलेल्या हाताला नाही म्हटलं, त्यानंतर घरी जाऊन त्यांनी माझ्यासाठी खिळा ठोकला होता, आणि मला त्यातलं काही ठाऊक नसताना मी इतकी वर्षं जळत होतो. माझ्या जुडग्यातून निळ्या गाडीची दुसरी किल्ली काढली आणि खिळ्यावर लावली.

दवाखान्यात ते पायाला वजन बांधून पडले होते. मी चष्मा दिला. तो घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “लावली?”

“लावली.”

“कोनती?”

“गाडीची. दुसरी.”

“मंग पयली वैनीपाशी असंन.”

“नाही,” मी म्हणालो. “गाडी मागच्या वर्षी विकली. जानकीपुरममधल्या एकानं घेतली.”

ते कोपरावर जोर देऊन उठायला लागले, तशी नर्स धावत आली. “म्हंजे त्या मानसापाशी एकच किल्ली हाये?” ते ओरडले. “भाऊ, तुमाले लाज नाई वाटत? तुमच्या आधीच्यानं तेच केलं होतं ना तुमच्यासंगं? आज धाडा ते, आजच्या आज! पयली हाती हाये तवर!”

विकणाऱ्यानं दोन्ही द्यायच्या असतात, मला माहीत होतं. दुसरी देववली नव्हती.

आम्ही पुन्हा गावी गेलो. मी गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली, कागदात गुंडाळली, त्यावर जानकीपुरमचा पत्ता घातला. ‘येतील’ पुन्हा रिकामा झाला. मग मी खिशातून विकास नगरच्या घराची माझी किल्ली काढली आणि तिथे टांगली.

मुक्ता बघत होती. म्हणाली, “बाबा, पन आता आई घरी नसली तं तुमी आत कसे जासान?”

“पायरीवर बसेन,” मी म्हणालो.

“हाव, बसा मंग,” ती म्हणाली आणि पाकिटाला डिंक लावायला लागली. ती माझ्याशी मराठी बोलत होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी काही म्हटलं नाही. तिचा खिळा वर आहे आणि माझा खाली, एवढं मात्र मी बघून ठेवलं.